पुऱ्या व्हायच्यात अजून

साताऱ्याच्या आमच्या घरमालकांकडे टीव्ही होता, पण त्याचा आवाज ते कायम बंद ठेवायचे. बातम्या लागल्या की लाकडी खुर्ची पुढे ओढायची आणि बोलणाऱ्यांची नुसती तोंडं बघत बसायचं. मला आधी वाटलं, रिमोट बिघडलाय. मी नवे सेल आणून दिले. त्यांनी ते भिंतीवरच्या घड्याळात घातले आणि टीव्ही तसाच मुका ठेवला. म्हणाले, "आवं ताई, मुद्द्याचं असलं तर खाली लिहून येतंय की. खऱ्या लढाईतबी माणसं एवढी वरडत न्हाईत."

आता आम्ही सांगलीत असतो. परवा देशाची मोठी बातमी आली तेव्हा मी वर्षाची हळद घ्यायला पेठेत गेले होते. एकदम सगळ्यांचे फोन वाजायला लागले. दुकानदाराने माझी हळद काट्यावर तशीच ठेवून टीव्ही लावला. हमाल पाठीवरची पोती उतरवून दारात जमले. कोपऱ्यावर फटाक्यांची माळ लागली, एक रिक्षावाला घोषणा देत गेला, मागून दुचाकींची रांग गेली. माझ्याही अंगावर काटा आला. येतोच. पण काटा ओसरल्यावर पायांना चैन पडेना. उभं राहवेना, निघावंसंही वाटेना. साताऱ्याच्या मालकांचं हे नेहमीचं होतं. बातमी समजली की ते दोन फेऱ्या मारायचे, फाटकापासून मागच्या दारापर्यंत, आणि मग समोर जो कोणी असेल त्याला विचारायचे, "बरं. बातमी आली. आता आपलं काम काय?"

उत्तर त्यांच्याकडे असायचं. ते स्वयंपाकघरात जायचे.

मालक फौजेतले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची आमची कॉलनी तशी सगळीच फौजेतली. दर दोन घरांआड एक माजी सैनिक, दारावर पाटी, पाटीवर हुद्दा. मालकांच्या दारावर पाटी नव्हती. लोक आपले सुभेदार म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे, "सुभेदार न्हवं. लांगरी." लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. ऐकणाऱ्याला वाटायचं म्हातारा विनयाने बोलतोय, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुभेदार.

जवळच्या शाळेने एकदा त्यांना पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून बोलावलं. मी सोबत होते. मुख्याध्यापकांनी शूर योद्धा वगैरे ओळख करून दिली. मग एका मुलीने विचारलं, आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?

"शत्रू एकबी न्हाई," मालक म्हणाले. "कोंबड्या लय."

पोरं खिदळली. मुख्याध्यापक घड्याळ बघायला लागले. मालकांनी मग उंचावरच्या थंडीत डाळ कशी शिजत नाही ते सांगितलं, आणि गस्तीवर गेलेली पोरं परत यायची असली की ताटं कशी मांडून ठेवायची ते सांगितलं. जेवढे गेले तेवढी ताटं. आले किती, हे बघायचं काम लांगऱ्याचं नाही. त्याने ताटं पूर्ण मांडायची. पोरांना ते कितपत कळलं कोण जाणे. पुढच्या वर्षी शाळेने दुसरे पाहुणे बोलावले. मालक तरीही गेले, पालकांच्या शेवटच्या रांगेत बसले आणि टाळ्या सगळ्यात जोरात वाजवून आले.

एका माणसाचा स्वयंपाक त्यांना जमतच नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पाचगणीला एका शाळेच्या वसतिगृहात कामाला होती. घरात एकटा माणूस, आणि कढई अशी की तीत लहान मूल बसावं. त्यामुळे भाडेकरू, गॅसवाला, मीटर बघायला आलेला, सगळ्यांना खावं लागे. 'नमस्कार' हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. माणूस दिसला की "जेवलास का?" मुलीने पाचगणीहून स्ट्रॉबेरीची पेटी पाठवली, तर त्यांनी तिचं मोहरी घालून लोणचं केलं. आम्ही ते महिनाभर खाल्लं. दुसरा उपायच नव्हता.

चंद्रावर यान उतरायचं होतं त्या संध्याकाळी त्यांनी शिरा आधीच करून ठेवला होता. त्याच्या आधीच्या वेळीही केला होता आणि तेव्हा यान काही नीट उतरलं नव्हतं. मी म्हटलं, मालक, या वेळी जरा थांबा, उतरू तर द्या. तर म्हणाले, उपाशी रडण्यापेक्षा खाऊन रडलेलं बरं. यान उतरलं, कॉलनी नाचली, आणि शिरा कमी पडला म्हणून त्यांना रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

शेजारच्या तालुक्यातला एक जवान शहीद झाला तेव्हा कॉलनीच्या मंडळाने मेणबत्त्यांची फेरी काढली. मालक फेरीत चालले, पण मेणबत्ती घेतली नाही. हात मोकळे ठेवून चालले. शेवटी भाषणं सुरू झाली तेव्हा त्यांनी मला जवानाच्या गावाचं नाव विचारून घेतलं. सकाळी दोन मोठे डबे घेऊन ते एसटीने त्या गावाला गेले. "त्यांच्यात चूल पेटल्याली नसनार," एवढंच म्हणाले. ते घर त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

एवढं सगळं सांगून झालं तरी मालक म्हटलं की मला त्या मे महिन्याचा दिवस आठवतो.

आमच्या समोरच्या घरात नाना राहायचे. मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडचे. बाप मेंढरं राखायचा. नानांनी मुंबईत गोदीजवळ आयुष्यभर ओझी वाहिली, पोरांच्या शिक्षणासाठी साताऱ्यात दोन खोल्या बांधल्या आणि थोरला मुलगा संतोष फौजेत भरती झाला. त्या मे महिन्यात संतोषचं लग्न झालं. मुलगी विट्याकडची, रूपाली. लग्नाचा मांडव अजून उतरवलेला नव्हता, दोघांच्या हातातली हळकुंडं सुटली नव्हती, आणि सीमेवर पेटलं. रजेवरच्या सगळ्यांना परत बोलावलं. संतोषला सकाळी फोन आला, दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने निघायचं.

कॉलनी पेटून उठली. हे उपहासाने लिहीत नाही. माणसं खरंच हलली होती. मंडळाच्या अध्यक्षाने चौकात स्टेज घालायचं ठरवलं. आमच्या भागातले एक नेते येणार, जवानाचा सत्कार करणार, वीरपिता म्हणून नानांचा सत्कार करणार, मग उघड्या जीपमधून, डीजे लावून स्टेशनपर्यंत मिरवणूक. कार्यक्रमाची आखणी माझ्याकडे आली, कारण कॉलनीत असं काही ठरलं की ती माझ्याकडेच यायची. फेटे, शाल, श्रीफळ, हार, औक्षणाच्या पाच सवाष्णी, भाषणं, पाण्याच्या बाटल्या. मी कामाला लागले.

नानांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मोठा माणूस त्यांच्या दारी येणार होता. ते सारखे येऊन विचारत होते, फेटा केशरी घेऊ का गुलाबी.

संध्याकाळी मालक वर आले. जिना चढून ते कधी येत नसत. उभ्या उभ्याच त्यांनी कार्यक्रम विचारून घेतला, सगळा ऐकला आणि म्हणाले, "आन् ती पोरगी?"

मी म्हटलं, आहे की, औक्षणात पहिली तीच आहे.

"दोघं बोलल्यात का?"

मला कळेना. लग्न ठरल्यापासून फोनवर बोलतच असतील, असं मी म्हटलं.

"फोनवर माझी पोरगीबी बोलती. त्ये निराळं. घरात पावनं भरल्यात. देवदर्शन राह्यलंय. नवरा-नवरी अजून येका खोलीत आल्याली न्हाईत."

हे खरं होतं. त्यांच्याकडे पालीच्या खंडोबाला जाऊन येऊन जागरण घातल्याशिवाय जोडप्याला एकत्र येऊ देत नाहीत. देवाला जायचा दिवस दोन दिवसांनी होता. तोवर ती आत बायकांत, तो बाहेर पुरुषांत.

मालकांनी खिडकीपर्यंत एक फेरी मारली. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच त्यांनी स्वतःचं सांगितलं, जे मी त्यांच्याकडून त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही. तरुणपणी त्यांनाही असंच रजेवरून बोलावलं होतं. गावाने लेझीम लावून स्टँडपर्यंत नेलं होतं. बायकोने ओवाळलं. "पर तिची मान खाली, दिव्याकडं. गर्दी लय. मला तिचं तोंडच दिसलं न्हाई. काय तरी म्हणली, ते लेझमीत गेलं. परत आलो तवा इचारलं, तू काय म्हणली हुतीस गं? तर म्हणली, आता न्हाई आठवत."

एवढं बोलून त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. मग विचारलं, "तुमच्या मालकांची गाडी हाय नव्हं खाली?"

मी व्यवहाराने चालणारी बाई आहे. कार्यक्रम रद्द होणार नव्हता, आणि करायचीही माझी तयारी नव्हती. पण मी नेत्यांचे कार्यक्रम पाहिले आहेत. गाडी दुपारी सुटणार आणि नेते वेळेवर येणार, या दोन गोष्टी एका दिवशी घडत नाहीत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला. मिरवणुकीने तिथे पोचेपर्यंत गाडी वाठारच्याही पलीकडे गेलेली असती, आणि हजर व्हायला उशीर झालेल्या जवानाला तिकडे शाल कोणी घालत नाही. मी आखणीत एक काम वाढवलं: मागचं दार.

मालकांच्या स्वयंपाकघराचं दार मागच्या बोळात उघडतं. बोळातून पलीकडच्या रस्त्याला लागता येतं. बोळात माझा नवरा गाडी घेऊन थांबणार. संतोषच्या आईला मी विश्वासात घेतलं. त्या माउलीने पदराने डोळे पुसले आणि सकाळी संतोषची बॅग पोत्यात घालून, आत धान्य असल्यासारखं वर फडकं टाकून, स्वतः आमच्या मागच्या दारी आणून ठेवली. नानांना तेवढं सांगितलं नाही. ते पोटात ठेवणारे नव्हते. असं ठरलं की ऐन निघायच्या वेळी मालकांनी जाऊन त्यांना हळूच मागे घेऊन यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी औक्षण झालं. संतोषने नानांना वाकून नमस्कार केला आणि तो त्याला पुन्हा एकदा करावा लागला, कारण पहिल्या वेळी अध्यक्षाच्या मोबाईलमध्ये नीट आला नव्हता. रूपालीने ताट धरलं होतं. समोर एवढे फोन उभे होते की तिला नवरा दिसत असेल असं वाटत नाही.

मालकांनी पहाटेच पुऱ्या तळल्या होत्या. मी आणि त्यांनी मिळून त्या बांधल्या होत्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं, वर वेगळ्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. सगळं तयार होतं. तरी त्यांनी पुढच्या ओट्यावर गॅसची शेगडी मांडली, ती मोठी कढई चढवली आणि निरोप पाठवला, जवानाला म्हणावं, डबा घ्यायला ये, लांगऱ्याच्या हातचा. रूपालीला मी आधीच पुऱ्या लाटायला म्हणून मागून आणली होती.

संतोष आला. ओट्यावर मालकांच्या पाया पडला. मालक म्हणाले, आत बस, गरम करून देतो. तो आत गेला. मी स्वयंपाकघराचं मधलं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत उभी राहिले. थोड्या वेळाने आत रूपाली हसली. काय बोलले देवाला ठाऊक. मी ऐकलं नाही, पण हसलेलं ऐकलं.

बाहेर नेते येतच होते. फोन केला की कळायचं, निघालेत, रस्त्यात आहेत, आलेच. डीजेवर देशभक्तीची गाणी फिरून फिरून तीच लागत होती. मिरवणुकीसाठी जमलेली दुचाकीवाली पोरं ऊन खाऊन कंटाळली आणि ओट्यापाशी आली.

"सुभेदार, हिरो कुठाय आमचा?"

"पुऱ्या व्हायच्यात अजून," मालक म्हणाले आणि कढईत एक पुरी सोडली. एकच. ती फुगली, उलटली, काढली, आणि विचारणाऱ्याच्या हातावर ठेवली. "जेवलास का रं? खा."

अशी एकेक पुरी. पोरं खात होती. तोंडात घास असला की घोषणा देता येत नाही. अध्यक्ष दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा तोही खायला लागला.

मग एकदम गाड्यांचे आवाज आले. नेते आले. आणि नेमकी तीच आमची निघायची वेळ. मी आत जाऊन दोघांना उठवलं. मालक झारा हातात तसाच घेऊन चौकाकडे गेले, नानांना आणायला. पण नानांना तोवर स्टेजवर चढवलं होतं. गुलाबी फेटा बांधला होता, शेजारी नेते, समोर माईक. मालक स्टेजच्या कडेला उभे राहून झारा हलवत होते, या, या, लवकर. नानांनी पाहिलं. त्यांना वाटलं म्हातारा पुऱ्या खायला बोलावतोय. त्यांनी हसून हात वर केला, थांबा, नंतर.

मालकांनी पुन्हा झारा हलवला. नानांनी पुन्हा हात केला.

बोळात माझ्या नवऱ्याने गाडी चालू ठेवली होती. संतोष मागे वळून वळून बघत होता, नाना आले का. नवरा म्हणाला, आता नाही निघालो तर चुकेल. दोघं बसली. गाडी गेली. रूपाली स्टेशनपर्यंत सोबत गेली, हे मला आजही बरं वाटतं.

स्टेजवरून वीर जवान म्हणून पुकारा झाला. एकदा, दोनदा. डीजे बंद झाला. सगळी कॉलनी आमच्या ओट्याकडे बघायला लागली. मालक परत येऊन कढईपाशी बसले होते.

"पुऱ्या व्हायच्यात अजून," ते म्हणाले.

अध्यक्ष चिडून घरात शिरायला लागला तेव्हा त्यांनी झारा आडवा धरला. तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा म्हणाला, गाडी फलाटाला लागलीय, बसलाय तो. मी मान हलवली. मालकांनी शेगडी बंद केली.

"गेला त्यो," ते म्हणाले. "कामावर गेला. तुमीबी जावा आता."

नेते अनुभवी होते. त्यांनी क्षणभरही वाया घालवला नाही. माईक हातात घेऊन ते ओट्यापाशी आले, संतोषची शाल त्यांनी मालकांच्या खांद्यावर घातली आणि माजी सैनिकांचा हा सत्कार, असं माईकवर सांगून टाळ्या घेतल्या. मालक पिठाच्या हाताने शाल धरून उभे होते आणि बघत होते नानांकडे. नाना स्टेजवरून उतरले, सरळ ओट्यापाशी आले. फेटा डोक्यावर तसाच.

"गेला?"

"गेला."

"मला न सांगता?"

मालकांनी नुसता झारा थोडासा वर केला. नानांना तेव्हा कळलं की तो झारा कशासाठी हलत होता. पण कळल्याने राग कमी होतोच असं नाही.

"पोराचं तोंड बघू दिलं न्हाई तुमी," नाना म्हणाले आणि समोर घरात गेले.

कॉलनीच्या ग्रुपवर संध्याकाळपासून सुरू झालं. कार्यक्रमाचा विचका केला, फौजेचा अपमान केला, कुणी लिहिलं देशद्रोह आहे हा, कुणी लिहिलं फौजेत नुसता भाकऱ्या थापायला होता. मालकांकडे बटणांचा साधा फोन. त्यांनी मला सगळं वाचून दाखवायला लावलं. शेवटच्यावर म्हणाले, "चपात्या. फौजेत भाकरी कुठली?" आणि उठून फेऱ्या मारायला लागले. त्यांना कॉलनीचं काही वाटत नव्हतं. त्यांना नानांचं लागलं होतं. बायकोचं तोंड न दिसलेला माणूस बापाला विसरला, असं ते स्वतःशी म्हणत असावेत.

पुढचे दिवस वाईट गेले. संतोषचा फोन नाही. कुठे आहे, पोचला का, काही नाही. टीव्हीवर एक सांगतो हे शहर पाडलं, दुसरा सांगतो ते बंदर उडवलं, थोड्या वेळाने दोन्ही गायब. मंडळाची पोरं जुनेच व्हिडिओ नवे म्हणून पाठवत होती. कॉलनीत कोणी कामात नीट लक्ष देईना, मीही नाही. भाजी चिरता चिरता फोन बघायचा, ऑफिसात फाईल उघडून फोन बघायचा. समोर नाना आपल्या पायरीवर, पाठ आमच्याकडे करून. इकडे मालक ओट्यावर. मधे दहा पावलांचा रस्ता, पण कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

आणि मालकांनी टीव्हीचा आवाज सुरू केला. मी वरून ऐकलं तेव्हा जिन्यातच थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून ओरडण्याचा आवाज येत होता. मी खाली गेले तर ते पडद्याच्या अगदी जवळ उभे.

"कुठलं गाव म्हणत्यात बघाय नको?" ते म्हणाले. "खाली लिहिल्यालं लवकर जातंय. मला वाचून हुत न्हाई तवर."

रोज सकाळी ते मला एकच शब्द विचारायचे, "फोन?" मी रूपालीकडे जाऊन यायचे आणि मान हलवायचे. ते मग स्वयंपाकघरात जायचे, पण काही करायचे नाहीत. भांडी लावायचे, पुन्हा काढायचे.

मग एका संध्याकाळी बातमी आली, थांबलं. दोन्हीकडून थांबलं. कॉलनी पुन्हा चौकात आली. मला वाटलं होतं सगळे सुटल्यासारखे होतील. पण दुचाकीवाली पोरं चिडलेली, एवढ्यात कसं थांबवलं, अजून ठोकायला पाहिजे होतं. वडीलधारे म्हणत होते, असू दे, बरं झालं. वादावादी चालली. मालक गर्दीतून फिरत होते, आणि त्यांचे डोळे समोरच्या घरावर.

रूपाली दारात आली तेव्हा तिच्या कानाला फोन होता. ती रडत होती, आणि बोलत होती, हो, हो. मग तिने फोन नानांच्या हातात दिला. नाना नुसते ऐकत राहिले. आणि ऐकता ऐकता त्यांनी डोक्याला हात लावला, जणू फेटा अजून तिथे आहे.

संतोष काय म्हणाला ते रूपालीने मला नंतर सांगितलं. म्हणाला, नाना, पुऱ्या दिल्लीपर्यंत पुरल्या, गाडीच्या डब्यातल्या सगळ्या पोरांनी खाल्ल्या. आणि म्हणाला, बोळातनं गाडी वळली तवा चौक दिसला. मी गाडी चालवणाऱ्या भाऊजींना म्हटलं, जरा हळू घ्या. तुम्ही स्टेजवर हुता. कुणाला तरी हात करत हुता, थांबा थांबा म्हणून. हसत हुता. गुलाबी फेट्यात लय झ्याक दिसत हुता. मी तेवढं बघून घेतलं, नाना. तेच घेऊन गेलो.

नानांनी फोन रूपालीला परत दिला. चौकात पोरांचा वाद चालूच होता. मग त्यांनी चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि आमच्या ओट्यापाशी आले. मालक फाटकातून आत येत होते. ते तिथेच थबकले. दोघांच्या मधे ती रिकामी शेगडी होती.

नाना ओट्यावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवले आणि कढईकडे बघत म्हणाले, "आवं, झाल्या का पुऱ्या?"

मालकांनी पहिल्यांदा घरात जाऊन टीव्हीचा आवाज बंद केला. मग पिठाचा डबा काढताना त्यांचा आवाज आला.

"व्हायच्यात अजून. बसा."